‘तीन किलोवॅट’ म्हणजे नेमके किती? छतावरील सौर यंत्रणेची क्षमता कशी ठरते

नवी दिल्ली : छतावर तीन किलोवॅटची सौर यंत्रणा बसविलेली आहे, आकाश निरभ्र आहे, दुपारचे बारा वाजले आहेत, तरीही इन्व्हर्टरच्या पडद्यावरील आकडा २.३ किलोवॅटच्या पुढे सरकत नाही. अशा वेळी पुरवठादाराने कमी क्षमतेची पॅनेल गळ्यात मारली, असा ग्राहकाचा समज होणे स्वाभाविक आहे. बहुतेक वेळा हा समज चुकीचा असतो. काही वेळा मात्र तो रास्तही असतो. या दोहोंतील फरक ओळखावयाचा, तर ‘निर्धारित क्षमता’ हा आकडा कोठून येतो, तो कोणत्या परिस्थितीत मोजलेला असतो आणि सरकारी कागदपत्रांत त्याचा अर्थ काय लावला जातो, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

या आकड्याला आज रुपयांतही मोल आले आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू केली. एक कोटी घरांच्या छतांवर सौर यंत्रणा बसविण्याचे उद्दिष्ट असलेल्या या योजनेसाठी ७५,०२१ कोटी रुपयांच्या तरतुदीस मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. योजनेतील अनुदान थेट क्षमतेशी जोडलेले आहे. पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. तीन किलोवॅटच्या पुढे कितीही मोठी यंत्रणा बसविली, तरी घरगुती ग्राहकाचे अनुदान तेवढेच राहते. ईशान्येकडील व डोंगराळ राज्ये आणि काही केंद्रशासित प्रदेशांसाठी हे दर दहा टक्क्यांनी अधिक आहेत.

या रचनेमुळे बाजारात ‘तीन किलोवॅट’ हे जणू प्रमाण माप होऊन बसले आहे. घरात दोन माणसे राहत असोत वा आठ, प्रस्ताव बहुधा तीन किलोवॅटचाच पुढे केला जातो.

पाठीमागची पट्टी

प्रत्येक सौर पॅनेलच्या मागील बाजूस उत्पादकाची एक पट्टी चिकटविलेली असते. तिच्यावर कमाल शक्ती वॅटमध्ये दिलेली असते. हल्ली घरांवर बसणारी पॅनेल साधारणपणे ५०० ते ६०० वॅटच्या दरम्यानची असतात. काही वर्षांपूर्वी बसविलेली ३२५ किंवा ३३५ वॅटची पॅनेलही अनेक छतांवर दिसतात. पॅनेलची संख्या गुणिले पट्टीवरील वॅट, ही यंत्रणेची एकदिश विद्युत बाजूची, म्हणजे डीसी बाजूची क्षमता होय. ५५० वॅटची सहा पॅनेल असतील, तर ३,३०० वॅट म्हणजे ३.३ किलोवॅट. या आकड्यापुढे कधी कधी ‘पीक’ हा शब्द जोडून ‘किलोवॅट पीक’ असे लिहिले जाते. त्याचा अर्थ कमाल मर्यादा, रोज हमखास मिळणारी शक्ती नव्हे.

ही कमाल मर्यादा प्रयोगशाळेत मोजली जाते. जगभरातील उत्पादक त्यासाठी एकच प्रमाण परिस्थिती वापरतात : प्रति चौरस मीटर १,००० वॅट इतका प्रकाश, पॅनेलमधील सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस आणि वातावरणातून तिरपा येणाऱ्या सूर्यकिरणांशी मिळताजुळता ठरावीक वर्णपट. सर्व कंपन्यांच्या पॅनेलची तुलना एकाच मापाने करता यावी, हा त्यामागील हेतू आहे आणि त्यासाठी ही पद्धत चोख आहे. अडचण एवढीच, की भारतातील छतावर भर दुपारी सेलचे तापमान २५ अंश असण्याचे प्रसंग फारच थोडे. काळसर पृष्ठभागाचे पॅनेल उन्हात स्वतःच तापते. हवेचे तापमान ३७-३८ अंश असेल, तेव्हा सेल ६५ अंशांच्या घरात पोहोचलेले असतात.

सिलिकॉनच्या सेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. तापमान एका अंशाने वाढले, की शक्ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. हा घटीचा दर पॅनेलच्या माहितीपत्रकात ‘तापमान गुणांक’ म्हणून दिलेला असतो. नव्या ‘टॉपकॉन’ प्रकारच्या पॅनेलमध्ये तो ०.३ टक्क्यांच्या आसपास असतो, तर जुन्या पॅनेलमध्ये ०.४ टक्क्यांपर्यंत जातो. खरेदी करताना क्वचितच कोणी हा आकडा विचारतो. विदर्भ, तेलंगण, राजस्थान किंवा दिल्लीसारख्या तापणाऱ्या भागांत मात्र तो विचारण्याजोगा आहे.

आता सुरुवातीच्या उदाहरणाचा हिशेब मांडता येईल. यंत्रणा ३.३ किलोवॅटची. पॅनेलवर पडणारा प्रकाश प्रति चौरस मीटर १,००० नव्हे, तर ९०० वॅट असेल, तर २.९७ किलोवॅट उरतात. सेलचे तापमान ६५ अंश, म्हणजे प्रमाण तापमानापेक्षा ४० अंश अधिक. प्रति अंश ०.३५ टक्क्यांप्रमाणे १४ टक्के घट धरली, तर सुमारे २.५५ किलोवॅट. धूळ, तारांमधील रोध आणि पॅनेलमधील किरकोळ तफावत यांची आठ टक्के वजावट केली, की २.३५. इन्व्हर्टरमध्ये आणखी तीन टक्के खर्ची पडतात आणि पडद्यावर २.३ किलोवॅटच्या जरा मागेपुढे आकडा दिसतो. यात कोणाचाही दोष नाही. उलट पावसाची सर येऊन गेल्यावर ढग फाटून लख्ख ऊन पडते, पॅनेल धुतलेले व थंड असते, तेव्हा हाच आकडा काही मिनिटे २.८ किंवा त्याहून वर गेलेला दिसू शकतो.

लडाखसारख्या थंड व उंच प्रदेशात याच्या उलट घडते. तेथे ऊन तीव्र आणि हवा गार असल्याने पॅनेल पट्टीवरील आकड्याच्या अगदी जवळ, प्रसंगी त्याच्याही पुढे जाते. तेथे काळजी निराळी घ्यावी लागते. थंडीत पॅनेलचा व्होल्टेज वाढतो. सेलचे तापमान शून्याखाली १५ अंशांवर असेल, तर खुल्या परिपथातील व्होल्टेज पट्टीवरील आकड्यापेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी अधिक भरतो. घरगुती इन्व्हर्टर बहुधा ५०० ते ६०० व्होल्टपर्यंतच सोसू शकतात. त्यामुळे एका माळेत किती पॅनेल जोडावयाची, हे तेथे कडाक्याच्या थंडीतील सकाळ पाहून ठरवावे लागते.

दोन आकडे, त्यातील लहान तो खरा

पॅनेलमधून निघणारी वीज एकदिश असते; घरातील उपकरणांना आणि वीजवाहिनीला प्रत्यावर्ती, म्हणजे एसी वीज लागते. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो आणि त्याची स्वतःची क्षमता असते. त्यामुळे प्रत्येक यंत्रणेला वस्तुतः दोन क्षमता असतात : पॅनेलची आणि इन्व्हर्टरची. घरमालकाला सांगितला जाणारा आकडा यांपैकी कोणता, हे बहुतेक वेळा स्पष्ट केले जात नाही.

सरकारी अनुदानाच्या हिशेबात मात्र संदिग्धता नाही. पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांपैकी जी कमी असेल, तीच यंत्रणेची क्षमता मानली जाते. ५५० वॅटची सहा पॅनेल आणि तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर असेल, तर यंत्रणा तीन किलोवॅटची. याउलट ३३५ वॅटची आठ पॅनेल घेतली आणि इन्व्हर्टर तीन किलोवॅटचा लावला, तर पॅनेलची बेरीज २.६८ किलोवॅट होते आणि अनुदानासाठी तेवढीच क्षमता ग्राह्य धरली जाते. इन्व्हर्टरवर ठळक अक्षरांत ‘३ किलोवॅट’ छापलेले असले, तरी पूर्ण ७८,००० रुपयांवर दावा सांगता येत नाही. दरपत्रकात केवळ इन्व्हर्टरची क्षमता लिहून यंत्रणा ‘तीन किलोवॅट’ची म्हणून विकली जात असेल, तर हा फरक अनुदान हाती पडतानाच ध्यानात येतो.

पॅनेलची क्षमता इन्व्हर्टरपेक्षा थोडी अधिक ठेवणे ही अभियांत्रिकीतील रूढ व योग्य पद्धत आहे. पॅनेल आपल्या पट्टीवरील कमाल शक्तीला क्वचितच पोहोचत असल्याने दहा-वीस टक्के अधिक पॅनेल लावली, तर सकाळ-संध्याकाळच्या मंद उन्हात इन्व्हर्टरला पुरेसे काम मिळते. एखाद्या थंड, स्वच्छ दुपारी पॅनेल अधिक वीज देऊ पाहतात, तेव्हा इन्व्हर्टर आपल्या मर्यादेवर थांबतो. मोबाइल ॲपवरील आलेखाचा डोंगर तेव्हा माथ्यावर कापल्यासारखा सपाट दिसतो. वर्षभरात यामुळे वाया जाणारी वीज नगण्य असते. मात्र तीन किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर पाच किलोवॅटची पॅनेल लादली जात असतील, तर तो सपाटा रोजचाच होतो आणि वरच्या पॅनेलचे पैसे पाण्यात जातात.

दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणाऱ्या ‘बायफेशियल’ पॅनेलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावयास हवी. त्यांच्या माहितीपत्रकात मागील बाजूने मिळणारी पाच, दहा, पंधरा टक्के जादा वीज धरून वेगवेगळे आकडे दिलेले असतात. पॅनेलची निर्धारित शक्ती ही पुढील बाजूची असते. गच्चीला पांढरा रंग असेल आणि पॅनेल पुरेशी उंचावर असतील, तर मागून मिळणारा लाभ खरा असतो. पत्र्याला चिकटून बसविलेल्या पॅनेलला तो जवळजवळ मिळत नाही.

युनिटांपासून उलटा हिशेब

आपल्या घराला किती किलोवॅटची यंत्रणा लागेल, हे ठरविताना अनेकजण पंखे, दिवे, फ्रिज, वातानुकूलन यंत्रे यांच्या वॅटची बेरीज करू लागतात. वीजवाहिनीशी जोडलेल्या यंत्रणेसाठी ही बेरीज फारशी उपयोगाची नाही. सर्व उपकरणे एकाच वेळी चालत नाहीत आणि जी वीज कमी पडेल ती वाहिनीतून येतच असते. येथे महत्त्वाचा आहे तो वर्षभराचा युनिट-वापर. एक किलोवॅट शक्ती एक तास मिळाली म्हणजे एक युनिट.

वीजबिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. महावितरणच्या बिलावर तो स्तंभालेखाच्या रूपात दिसतो. बारा महिन्यांची बेरीज करावी. तमिळनाडू, केरळ आणि गुजरातमध्ये घरगुती बिल दोन महिन्यांचे येते. तेथील ग्राहकांनी एका बिलावरील युनिट एका महिन्याचे समजून हिशेब केला, तर दुप्पट क्षमतेची यंत्रणा माथी येते. या राज्यांतील मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी आधी महाराष्ट्रात बिले भरली आहेत, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

एक किलोवॅट क्षमतेपासून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, असा ठोकताळा देशभर वापरला जातो. योजनेतील ‘३०० युनिटपर्यंत मोफत वीज’ या घोषणेमागील गणितही यातूनच उलगडते. तीन किलोवॅट, रोज चार युनिट, तीस दिवस, म्हणजे ३६० युनिट. ढगाळ दिवस व घट वजा जाता तीनशे. हा ठोकताळा वार्षिक सरासरीचा आहे, हे मात्र विसरता येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पाच युनिट देणारी यंत्रणा कोकणात जुलैच्या धारेत दोनवरही येऊ शकते. स्थळानुसारही फरक पडतो. पश्चिम राजस्थान व कच्छच्या कोरड्या पट्ट्यात एक किलोवॅटचे वार्षिक उत्पादन १,५०० युनिटांचा टप्पा गाठते. सतत ढगाळ असणाऱ्या आसामच्या खोऱ्यात ते १,२०० च्या आसपास राहते. दख्खनच्या पठारावर १,३५० ते १,४५० युनिट धरणे व्यवहार्य ठरते.

समजा, नागपूरमधील एका कुटुंबाचा वार्षिक वापर ३,००० युनिट आहे. त्यास १,३५० ने भागले, की २.२ किलोवॅट येतात. म्हणजे ५५० वॅटची चार पॅनेल. या कुटुंबाला तीन किलोवॅटच्या यंत्रणेची गरज नाही. येत्या वर्षात ते इलेक्ट्रिक स्कूटर घेणार असेल, तर महिन्याला वीस-पंचवीस युनिट वाढतील. गॅसऐवजी इंडक्शनवर बराचसा स्वयंपाक होणार असेल, तर आणखी चाळीस-पन्नास. दीड टनाचे नवे वातानुकूलन यंत्र रात्रभर चालणार असेल, तर उन्हाळ्याच्या एकेका महिन्यात सुमारे दोनशे. या वाढीचा अंदाज घेऊन पाच किंवा सहा पॅनेलवर जाणे समंजसपणाचे. ‘अनुदान मिळतेच आहे’ एवढ्याच कारणासाठी तसे करणे समंजसपणाचे नाही.

याचे कारण बिलाच्या रचनेत आहे. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. महावितरणच्या बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. सौर यंत्रणेने तयार केलेले युनिट वापरातून वजा होतात तेव्हा सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातील युनिट आधी कमी होतात. म्हणून पहिल्या किलोवॅटमुळे वाचणारे पैसे अधिक, दुसऱ्यामुळे त्याहून कमी आणि शेवटच्या किलोवॅटमुळे सर्वांत कमी असतात. बिल शून्यावर आणण्याच्या हट्टापायी घेतलेले शेवटचे पॅनेल हे बहुधा सर्वांत सावकाश पैसे परत करणारे असते. शिवाय स्थिर आकार कितीही वीज तयार केली तरी द्यावाच लागतो.

जेथे राज्य सरकार आधीच काही युनिट मोफत देते, तेथे हे गणित आणखी पालटते. दिल्लीत महिना २०० युनिटपर्यंत वापर असलेल्यांचे बिल अनुदानामुळे शून्य होते. पंजाबात महिना ३०० युनिट मोफत आहेत. या मर्यादेत वापर असलेल्या कुटुंबाला स्वतःचे पैसे छतावर गुंतविण्याचे कारण फारसे उरत नाही. योजनेला कोणत्या राज्यात किती प्रतिसाद मिळतो, यामागे उन्हापेक्षा या दरपत्रकांचाच वाटा मोठा असावा.

नेट मीटरिंगमध्ये दुपारी वाहिनीत गेलेले युनिट रात्री वापरलेल्या युनिटांतून वजा होतात आणि उरलेले पुढील महिन्याच्या खात्यात जातात. वर्षअखेर हिशेब मिटविला जातो. तेव्हा शिल्लक राहिलेल्या युनिटांना मिळणारा दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवितो आणि तो ग्राहक मोजत असलेल्या दरापेक्षा बराच कमी असतो. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत हे वर्ष ३१ मार्चला संपते. हिवाळ्यात वापर कमी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन भरपूर, अशा काळात साठलेले युनिट एप्रिलच्या उकाड्यात कामी येण्याआधीच स्वस्तात मिटतात. गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसविणाऱ्याला ही तारीख सर्वाधिक जाचते.

छत, सावली आणि मंजूर भार

एका किलोवॅटला साधारणपणे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. हे क्षेत्र ‘सावलीविरहित’ असावयास हवे आणि शहरांतील गच्च्यांवर नेमके तेच दुर्मीळ. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारची वाढीव इमारत, केबल डिश यांची सावली दुपारी तीननंतर कोठवर येते, हे डिसेंबरच्या दिवसांत पाहावे, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे सर्वाधिक झुकलेला असतो. पॅनेल एका माळेत जोडलेली असल्याने एकावर पडलेली सावली इतरांचेही उत्पादन ओढते. सहापैकी एक पॅनेल रोज दोन तास टाकीच्या सावलीत राहणार असेल, तर पाचच पॅनेल घेणे हे कागदावरील क्षमता कमी करणारे, पण व्यवहारात शहाणपणाचे ठरू शकते. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि उतार साधारण त्या स्थळाच्या अक्षांशाइतका, म्हणजे मुंबईत १९ अंश, चेन्नईत १३, दिल्लीत २८ असा ठेवला, की वार्षिक उत्पादन सर्वाधिक मिळते.

क्षमतेला तिसरी मर्यादा येते ती मंजूर भाराची. केंद्राच्या २०२१ मधील सुधारित नियमांनुसार नेट मीटरिंग ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार, यांपैकी जे कमी असेल तेथपर्यंत मिळते. जुन्या जोडण्यांवर हा भार अनेकदा एक किंवा दोन किलोवॅटच नोंदलेला असतो. पूर्वी त्यावरून अर्ज महिनोन्महिने अडत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीनंतर दहा किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेचा अर्ज तांत्रिक व्यवहार्यता तपासणीविना मंजूर मानला जातो आणि त्यासाठी भार वाढविणे आवश्यक असेल, तर ते काम वितरण कंपनीने करावयाचे आहे. पाच किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी वाहिनी वा रोहित्र सक्षम करण्याचा खर्चही कंपनीच सोसते. मात्र दिल्लीसारख्या ठिकाणी स्थिर आकार मंजूर भाराच्या प्रति किलोवॅट दराने आकारला जातो, तेथे वाढीव भाराबरोबर दरमहा थोडा भुर्दंडही येतो. तो हिशेबात धरावा.

सदनिकाधारकांची स्थिती वेगळी आहे. गच्ची सामाईक असल्याने वैयक्तिक यंत्रणा बसविणे कठीण जाते. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे व वाहन चार्जिंग यांसारख्या सामाईक सुविधांसाठी ५०० किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान मिळते. त्यात प्रति घर तीन किलोवॅट अशी मर्यादा आहे.

मोजपट्टीने होणारी तपासणी

पट्टीवरील आकडा खरा आहे का, याची एक प्राथमिक चाचणी कोणालाही करता येते. पॅनेलची लांबी-रुंदी मोजून क्षेत्रफळ काढावे. प्रमाण परिस्थितीत एका चौरस मीटरवर १,००० वॅट प्रकाश पडतो. आज बाजारात असलेली घरगुती पॅनेल त्यातील २० ते २३ टक्के विजेत रूपांतरित करतात. म्हणजे एका चौरस मीटरमागे २०० ते २३० वॅट. ५५० वॅटच्या पॅनेलचे क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरहून थोडे अधिक भरते, ते यामुळेच. दोन मीटर लांब व एक मीटर रुंद पॅनेलवर कोणी ५५० वॅटची पट्टी चिकटविली असेल, तर त्याची कार्यक्षमता साडेसत्तावीस टक्के असावी लागेल. असे पॅनेल घरगुती बाजारात मिळत नाही. ती पट्टी खोटी आहे, असे खुशाल समजावे.

पुढील पडताळणी कागदांवर होते. अनुदानित यंत्रणेसाठी देशात तयार झालेले सेल वापरून देशातच बनविलेली पॅनेल बंधनकारक आहेत. प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र अनुक्रमांक असतो. बसविलेल्या पॅनेलचे अनुक्रमांक, पट्टीवरील वॅट आणि कार्यान्वयन अहवालातील नोंद ही तिन्ही जुळली पाहिजेत. पॅनेल एकदा छतावर चढली, की मागील पट्ट्या वाचणे अवघड होते. त्यामुळे ती खाली असतानाच छायाचित्रे काढून ठेवणे सोयीचे.

राष्ट्रीय पोर्टलवरील ग्राहक-पुरवठादार कराराच्या नमुन्यात एक तरतूद अशी आहे, की जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. यंत्रणा कार्यान्वित होताना तिचे ‘कामगिरी गुणोत्तर’ ७५ टक्के असले पाहिजे, ते तपासण्यासाठी प्रकाशमापक संवेदक पुरवठादाराने उपलब्ध करून द्यावयाचा आहे आणि पाच वर्षे देखभालही त्यानेच करावयाची आहे. हे गुणोत्तर काढण्याची रीत सोपी आहे. प्रत्यक्ष पडणाऱ्या प्रकाशानुसार पट्टीवरील क्षमतेतून जेवढी वीज अपेक्षित, तिच्या तुलनेत खरोखर मिळालेली वीज किती, एवढेच पाहावयाचे. वरील उदाहरणात ९०० वॅट प्रकाशात अपेक्षित शक्ती २.९७ किलोवॅट होती आणि मिळाली सुमारे २.२८, गुणोत्तर ७७ टक्के. यंत्रणा उत्तीर्ण. हाच पडदा निरभ्र दुपारी, धुतलेल्या पॅनेलवर १.६ किलोवॅट दाखवीत असता, तर गुणोत्तर ५४ टक्क्यांवर घसरले असते. मग सावली, सैल जोडणी, बंद पडलेले पॅनेल किंवा खोटी पट्टी, यांपैकी काहीतरी निश्चित शोधावे लागले असते आणि ते शोधण्याची जबाबदारी करारानुसार पुरवठादाराची असती.

पॅनेलची क्षमता काळाबरोबर घटते, हेही या तपासणीत ध्यानात घ्यावे लागते. पहिल्या वर्षी एक ते तीन टक्के आणि त्यानंतर दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घट उत्पादकांनी हमीपत्रातच गृहीत धरलेली असते. पंचवीस वर्षांनंतर मूळ शक्तीच्या किमान ८० टक्के किंवा अधिक शक्तीची हमी दिली जाते. हे हमीपत्र पॅनेलच्या उत्पादकाचे असते. इन्व्हर्टरची हमी स्वतंत्र आणि तुलनेने बरीच कमी मुदतीची असते. दरपत्रकावर सरसकट ‘२५ वर्षे हमी’ असे लिहिलेले असेल, तर ती कशाची, हे लेखी घ्यावे.

बॅटरीवर चालणाऱ्या, वाहिनीशी न जोडलेल्या यंत्रणांच्या बाजारात घोटाळा आणखी निराळा आहे. तेथे इन्व्हर्टरची क्षमता किलोवॅटऐवजी केव्हीएमध्ये सांगितली जाते आणि ‘पाच केव्हीए सोलर’ म्हणून विकल्या गेलेल्या संचात पॅनेल दोन-तीन किलोवॅटचीच असतात. पाच केव्हीएचा इन्व्हर्टर ०.८ शक्तिगुणकाने चार किलोवॅटपर्यंतचा भार उचलू शकतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. वीज किती तयार होईल, याच्याशी त्याचा संबंध नाही. बॅटरीचा आकडा तिसराच. तो किलोवॅट-तासांत, म्हणजे युनिटांत असतो आणि वीज गेल्यावर घर किती वेळ चालेल, ते त्यावरून ठरते. वाहिनीशी जोडलेली, बॅटरी नसलेली साधी यंत्रणा मात्र बाहेरची वीज गेली, की भर उन्हातही सुरक्षेसाठी आपोआप बंद होते. वाहिनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला उलट दिशेने आलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी ही सोय इन्व्हर्टरमध्ये सक्तीने असते. भारनियमनाच्या गावांत अशी यंत्रणा घेणाऱ्या ग्राहकाला हे आधी सांगणे पुरवठादाराचे कर्तव्य आहे. तेथे दुपारचे तीन तास वीज जात असेल, तर दिवसाला चार युनिटांचा ठोकताळाही त्या प्रमाणात खाली आणून क्षमता ठरवावी लागते.